सर्रा माणसाला का होत नाही?

पंढरपूर तालुक्यातल्या करकंबसारख्या गावात शाळेच्या वाटेवर एखादा गोठा लागतोच. पावसाळ्यात गुरांच्या अंगावर बसणाऱ्या मोठ्या, चावऱ्या गोमाश्या मुलांनी पाहिलेल्या असतात. जनावराने शेपटी मारली की माशी अर्धपोटी उठते आणि शेजारच्या जनावराला चावते. तिच्या तोंडाला लागलेल्या ताज्या रक्तातून ‘सर्रा’ रोगाचा परजीवी नव्या जनावरात शिरतो. हीच माशी गुराख्यालाही चावते. मग त्याला सर्रा का होत नाही?

हा परजीवी म्हणजे ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी, कशाभिका असलेला एकपेशीय आदिजीव. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांना तो डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात आढळला. दक्षिण अमेरिकेतील शागास रोगाचा ट्रिपॅनोसोमा क्रुझी हा त्याचा भाऊबंद. भाऊबंद असले तरी दोघांची हत्यारे निराळी. क्रुझी आपल्या पेशींच्या आत, अगदी हृदयाच्या स्नायूंतही, जाऊन लपतो. क्रुझिपेन नावाचे प्रथिने तोडणारे विकर त्याला पेशीत शिरायला मदत करते. दुसऱ्या एका विकराने तो आपल्याच पेशींवरचे सायलिक आम्ल काढून स्वतःच्या अंगावर चढवतो.

इव्हान्सी मात्र लपत नाही. तो रक्तात उघड्यावर पोहतो. त्याचे हत्यार म्हणजे अंगरखा. त्याच्या पृष्ठभागावर एकाच प्रकारच्या प्रथिनाचा दाट थर असतो. शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक परजीवी मरतात. पण थोड्यांनी तोवर दुसऱ्या जनुकाच्या साहाय्याने नवा अंगरखा घातलेला असतो. ते वाढतात, पुन्हा ताप येतो. म्हणून सर्राचा ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. जनावराला रक्तक्षय होतो. घोडे व उंट यांत बरेचदा मरतात. गाई-म्हशींत रोग पुष्कळदा छुपा राहतो.

एवढे प्रभावी हत्यार माणसापुढे का चालत नाही? माणसाचे सीरम अनेक ट्रिपॅनोसोमांना मारते, हे लाव्हराँ यांनी १९०२ सालीच दाखवले होते. मारेकरी कोण, हे मात्र २००३ साली नक्की झाले. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या काही कणांवर ‘अपोएल-१’ हे प्रथिन बसलेले असते. परजीवी हे कण अन्न म्हणून गिळतो. त्याच्या लयकारिकेत पोचल्यावर अपोएल-१ तिच्या पटलाला भोके पाडते. लयकारिका फुगते आणि परजीवी मरतो.

याची कसोटी आपल्या महाराष्ट्रातच लागली. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याला काही महिने ताप येत-जात होता. त्याच्या रक्तात हलणारे ट्रिपॅनोसोमा दिसले. नागपूरचे डॉ. पी. पी. जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इव्हान्सीच असल्याचे २००५ साली प्रसिद्ध केले. सुरामिन या औषधाने रुग्ण बरा झाला. त्याच्या गावात १८०६ जणांची तपासणी झाली. प्रतिपिंडे अनेकांत आढळली. म्हणजे परजीवीशी संपर्क येत असावा. पण जास्त प्रतिपिंडे असलेल्या ज्या ६० जणांचा पाठपुरावा केला, त्यांपैकी एकाच्याही रक्तात परजीवी नव्हता.

मग हाच एक माणूस आजारी का पडला? परजीवी अधिक उग्र झाला होता का? २००६ साली बेल्जियममधील एत्येन पे यांच्या गटाने उत्तर दिले. रुग्णाच्या अपोएल-१ जनुकाच्या दोन्ही प्रतींत उत्परिवर्तने होती. हे प्रथिन त्याच्या रक्तात नव्हतेच. प्रयोगशाळेत त्याच्या सीरममध्ये ते मिसळताच परजीवी मरू लागले. परजीवी नेहमीचाच होता. उणीव यजमानात होती.

आफ्रिकेतील ऱ्होडेसिएन्स हा निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा मात्र खरोखरच वेगळा. त्याच्याकडे अपोएल-१ ला पकडून निकामी करणारे प्रथिन आहे. म्हणून तो निरोगी माणसालाही गाठतो.

म्हणजे रोगकारकता हा केवळ परजीवीचा गुण नव्हे; ती परजीवी आणि यजमान या जोडीची गोष्ट आहे. वर्गात हे सांगताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात. गोठ्यात जायला घाबरण्याचे कारण नाही. पण निर्धास्तही राहू नये. २०१५ साली व्हिएतनाममध्ये अपोएल-१ शाबूत असलेल्या एका स्त्रीलाही इव्हान्सीची लागण झाली. तेव्हा लांबलेला, येता-जाता ताप असेल, तर रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला गेलाच पाहिजे. चंद्रपूरच्या त्या शेतकऱ्याच्या रोगाचा माग त्यातूनच लागला.