श्वानांच्या जीवनावस्था आणि आहारनियोजन : घाटघर (ता. जुन्नर) परिसराच्या संदर्भात

१. प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधन किल्ल्याच्या परिसरात घाटघर हे गाव वसलेले आहे. अतिपावसाच्या या पट्ट्यात भात आणि नाचणी ही प्रमुख पिके असून शेतीला जनावरांची जोड आहे. अशा गावातील कुत्रा हा केवळ पाळीव प्राणी नसून गोठ्याचा व घराचा राखणदार असतो. मात्र त्याच्या आहाराचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. घरात उरलेली भाकरी, भात व ताक हेच पिल्लू, व्यालेली कुत्री आणि म्हातारा कुत्रा या सर्वांचे अन्न ठरते. हे अन्न कोणत्या अवस्थेत पुरेसे असते, कोणत्या अवस्थेत अपुरे पडते आणि ती उणीव स्थानिक पदार्थांतून कशी भरून काढता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

२. भाकरीवरील कुत्रा : शास्त्रीय आधार

कुत्रा हा मांसाहारी असल्याने त्याला धान्य पचत नाही, हा समज पूर्णतः खरा नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानुसार, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या सहवासात तो धान्य पचवू लागला, असा याचा अर्थ होतो. तथापि धान्य पचणे आणि धान्यावर पूर्ण पोषण होणे या दोन भिन्न बाबी आहेत.

नाचणीच्या १०० ग्रॅम पिठातून सुमारे ३२० किलोकॅलरी ऊर्जा, ७ ग्रॅम प्रथिने व ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. म्हणजेच १००० किलोकॅलरीमागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने व १.१ ग्रॅम कॅल्शियम. प्रचलित पशुआहार मानकांनुसार हेच प्रमाण प्रौढ कुत्र्यासाठी किमान ४५ ग्रॅम व १.२५ ग्रॅम, तर वाढत्या पिल्लासाठी सुमारे ५६ ग्रॅम व ३ ग्रॅम असावे लागते. याचा अर्थ, नाचणी प्रौढ कुत्र्याची कॅल्शियमची गरज जवळजवळ भागविते, पण प्रथिनांची निम्मीच. पिल्लाच्या बाबतीत मात्र दोन्ही घटकांत मोठी तूट राहते. भातातून तर कॅल्शियम नगण्यच मिळते. शिवाय धान्यातील फायटेटमुळे उपलब्ध कॅल्शियमही पूर्णपणे शोषले जात नाही.

३. अवस्थानिहाय आहार

अ) पिल्लू : जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातील चीक अत्यावश्यक आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न सुरू करावे. कुत्रीच्या दुधात प्रथिनांचे प्रमाण सुमारे ७ ते ८ टक्के, तर गाईच्या दुधात साडेतीन टक्क्यांहून कमी असते. त्यामुळे पोरक्या पिल्लांना पाणी घातलेले दूध देण्याची रीत त्यांना उपाशी ठेवण्यासारखीच आहे. साधारण तीन महिन्यांच्या, ५ किलो वजनाच्या पिल्लाला दिवसाला सुमारे ७०० किलोकॅलरी लागतात, तर १५ किलोच्या प्रौढ कुत्र्याला सुमारे ९००. एक तृतीयांश वजनाच्या जिवाची गरज तीन चतुर्थांशांहून अधिक आहे आणि त्याचे पोट लहान आहे. म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा अन्न द्यावे. नाचणीच्या आंबिलीत उकडलेले अंडे कुस्करून घालावे. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. ते भाजून, वस्त्रगाळ करून अल्प प्रमाणात मिसळता येते. जंतनाशक न दिल्यास उत्तम आहारही वाया जातो.

आ) प्रौढ कुत्रा : दिवसातून दोन वेळा भाकरीसोबत शिजवलेली डाळ, अंडे किंवा कोमट पाण्यात धुऊन खारटपणा काढलेली सुकट द्यावी. शिजवलेली हाडे चिरफळून आतड्यात रुततात, तर कांदा व लसूण रक्तपेशींना घातक असतात. त्यामुळे मसाल्याचा रस्सा देणे टाळावे. पर्यटकांनी दिलेली बिस्किटे पोषक नसतात आणि चॉकलेट विषारी ठरते.

इ) गाभण व व्यालेली कुत्री : गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. अखेरच्या तीन आठवड्यांत आहार क्रमाने वाढवावा. पिल्ले पिऊ लागल्यावर, त्यांच्या संख्येनुसार, तिची गरज नेहमीच्या दुप्पट ते चौपट होते. आईची उपासमार ही पिल्लांच्या मृत्यूची पहिली पायरी असते.

ई) वृद्ध कुत्रा : साधारण सात-आठ वर्षांनंतर ऊर्जेची गरज घटते, प्रथिनांची नव्हे. दात झिजल्याने अन्न मऊ करून द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यासच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रथिने कमी करावीत.

४. आहार आणि बिबट्याचा प्रश्न

जुन्नर परिसरात कुत्र्याला अन्न कोठे व केव्हा द्यावे, हाही आहारनियोजनाचाच भाग ठरतो. लगतच्या अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या भक्ष्याविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकूण भक्ष्याच्या वजनात कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के आढळला. घराबाहेर टाकलेल्या उष्ट्यावर रात्री कुत्री जमतात आणि त्यांच्यामागे बिबट्या वस्तीपर्यंत येऊ शकतो. म्हणून दुसरे जेवण सूर्यास्तापूर्वी द्यावे, उरलेले अन्न उचलावे आणि रात्री कुत्र्याला बंदिस्त निवारा द्यावा. मोकळ्या अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा स्वतःचा बचाव करू शकत नाही.

५. निष्कर्ष

भाकरी हा कुत्र्याच्या आहाराचा पाया असू शकतो, पण तो संपूर्ण आहार नव्हे. प्रौढ कुत्रा अशा अन्नावर तग धरतो. पिल्लू आणि दूध पाजणारी कुत्री यांना मात्र ते पुरत नाही. त्यामुळे घरात अंडे, डाळ वा सुकट मर्यादित असल्यास त्यावर पहिला हक्क या दोघांचा मानावा. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या ग्रामीण शिबिरांतून एवढी माहिती जरी पोहोचली, तरी महागड्या तयार खाद्यावाचून गावातील श्वानांचे पोषण सुधारू शकेल आणि वस्तीही अधिक सुरक्षित होईल.