आठ कोयते, सोळा माणसं

दसरा जवळ आला की दिंद्रुडच्या भागात ऊसतोडीची बोलणी सुरू होतात. उचल किती, कारखाना कोणता, गाडी कधी भरायची. पण मुकादमाला सगळ्यात आधी हवा असतो आकडा. औंदा किती कोयते? आठ. या आठचा अर्थ माजलगाव तालुक्यातल्या शाळकरी पोरालाही सांगावा लागत नाही. आठ कोयते म्हणजे आठ जोड्या, नवरा-बायको मिळून सोळा माणसं. गडी एकटाच असेल तर तो ‘अर्धा कोयता’. लोखंडाचं पातं अर्धं झालं तर फेकून द्यावं लागेल. भाषेत मात्र अर्धा कोयता आख्खा हंगाम ऊस तोडतो.

हे ज्याला कळतं त्याला मी म्हणेन, चीनमधल्या विद्यार्थ्याला इंग्रजीतला ‘हँड’ शिकवायला तू अगदी योग्य माणूस आहेस.

त्या विद्यार्थ्याची अडचण खरी आहे. पहिल्या धड्यात हँड म्हणजे हात. पुढे कळतं की शेतावरचा मजूर हँड, जहाजावरचा खलाशी हँड, घड्याळात फिरतो तो हँड, पत्त्यात वाट्याला आलेली पानं म्हणजे हँड, माणसाचं अक्षर म्हणजे हँड, घोड्याची उंची हँडमध्ये, आणि केळ्यांचाही हँड असतो. ही यादी पाठ करायला लावली तर पोरगं इंग्रजीचा नाद सोडेल. पण त्याच्या स्वतःच्या भाषेत काय आहे बघा. चिनीत हाताला ‘शोउ’ म्हणतात. पाण्याला जोडून हात लावला, ‘श्वेइशोउ’, की खलाशी होतो. गाण्याला हात जोडला की गायक. नवा हात म्हणजे नवशिका, जुना हात म्हणजे मुरलेला माणूस. इंग्रजीतही जुना हँड म्हणजे मुरलेलाच, आणि आपणही म्हणतो, त्याचा हात बसलाय. वापरलेल्या वस्तूला चिनी माणूस ‘अरशोउ’ म्हणतो, अक्षरशः ‘दोन-हात’. आपण ज्या जुन्या ट्रॅक्टरला सेकंडहँड म्हणतो, तोच हा. रस्ता विचारला तर तीनही भाषा हातच दाखवतात: डाव्या हाताला वळा. म्हणजे हँडचे निम्मे अर्थ त्या मुलाला आधीच येतात, फक्त ते आपल्या घरात आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

एका शब्दाला अनेक अर्थ फुटतात कसे, यावर आपल्याकडे फार जुना आणि फार बारीक विचार झालेला आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ लिहिला. त्यात लक्षणेचं एक उदाहरण येतं: भाले आत शिरतायत. भाले स्वतःच्या पायांनी चालत नाहीत, तेव्हा ऐकणारा आपोआप भालेकरी समजतो. हत्याराच्या नावाने हत्यार धरणारा ओळखला जातो. मला हे वाचताना दरवेळी थक्क व्हायला होतं, कारण हजार वर्षांपूर्वीच्या पोथीतला तो भाला आणि दिंद्रुडच्या मुकादमाच्या वहीतला कोयता हे नेमके एकाच रीतीने माणूस झालेले आहेत. युरोपात शब्दाच्या या बहुअर्थीपणाला स्वतंत्र नाव दिलं ते मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकाने, १८९७ मध्ये.

पण हत्याराचा माणूस होतो तेव्हा माणसाचंही काही कमी होतं. चार्ल्स डिकन्सने १८५४ मध्ये ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी लिहिली, तिच्यातले गिरणीमालकांच्या बाजूचे लोक कामगारांना सरसकट ‘हँड्स’ म्हणतात, आणि डिकन्सला ते सहन होत नाही. नुसते हात, पोट नाही, मन नाही. कोयत्याचंही तसंच. बाई तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर उचलून गाडीपाशी नेते, थंडीत पहाटे फडात उभी असते. तरी उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर, आणि तिची मजुरी त्या एका कोयत्यात मुरलेली. दोघांना एक करणाऱ्या शब्दात तिचा हिशोब वेगळा दिसतच नाही. हा शब्द मला जितका देखणा वाटतो, तितकाच तो सलतो.

आता वाटा फुटतात तिकडे वळू. घड्याळात इंग्रजाला हात दिसला, कारण तो वेळेकडे बोट दाखवतो. चिनी माणसाला तिथे सुई दिसली. आपल्याला दिसला काटा, बाभळीचा असतो तसा टोकदार. आणि आपला काटा तिथेच थांबला नाही. तराजूच्या मधोमध डुलतो तो काटा, त्यावरून आख्खा तराजू काटा, आणि कारखान्यावर उसाने भरलेली गाडी जिच्यावर चढते ती सगळी यंत्रणाही काटाच. काट्यावर वजन झालं की ऊस जातो गव्हाणीत. गव्हाण म्हणजे गोठ्यात जनावरांपुढे वैरण टाकायची जागा. कारखान्यात तीच उसाची मोळी घेऊन आत नेणारी पट्टी झाली. कारखाना नावाच्या जनावराला चारा घालतोय, असं ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. तरी दर हंगामाच्या आरंभी गव्हाणीत मोळी टाकल्याची बातमी पेपरात येते आणि कुणालाही गोठा आठवत नाही.

मापात तर गंमत आणखी पुढे जाते. घोड्याच्या उंचीचा हँड म्हणजे पंज्याची रुंदी, नेमकी ४ इंच. आपला हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, २४ अंगुळांचा, सुमारे दीड फूट. पंधरा हँडचा घोडा ५ फुटांचा असतो. त्याचं भाषांतर ‘पंधरा हात’ केलं तर तो साडेबावीस फुटांचा होऊन बसेल. म्हणून ओळखीचा अर्थ सापडला तरी पुढच्या वाक्यात तो तपासून घ्यावा लागतो.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. ते जे काम करत होते त्याला चिनीत म्हणतात ‘शोउशू’, हाताचं कसब. इंग्रजीतला ‘सर्जरी’ हा शब्दही मुळात ग्रीकमधला, आणि त्याचा अर्थ हाताचं काम. मराठीने तिथे हात सोडून हत्यार धरलं: शस्त्रक्रिया. जखम तीच, टाके तेच. दोन भाषांनी डॉक्टरचे हात पाहिले आणि आपण त्या हातातलं पातं.

राहिली केळी. जळगावच्या बागेत घडातला एक झुपका कापला की ती फणी. ग्वांगडोंग आणि हाँगकाँगकडच्या कँटोनीज बोलीतही केळी मोजायच्या शब्दाचा अर्थ फणीच आहे, केस विंचरायची. त्या लोकांनी जळगाव पाहिलं नव्हतं, आपण त्यांची बोली ऐकली नव्हती, तरी दोघांना त्या झुपक्यात दातेच दिसले. इंग्रजाला दिसली बोटं, म्हणून त्याचं एक केळं फिंगर आणि आख्खी फणी हँड.