घरातल्या हवेला पाणी किती द्यावे?

गेल्या डिसेंबरात आमच्या घरी नातवाचे पाऊल पडले. नागपूरची थंडी कोरडी. बाळाचे नाक सुकायचे, ओठ फुटायचे. ते ऐकून एका नातलगाने प्रेमाने छोटे ह्युमिडिफायर पाठवले. बटण दाबले की पांढरी धुंद बाहेर यायची आणि घरातली सगळी मुले भोवती जमायची. आम्ही त्यात रोज बोअरिंगचे पाणी भरत होतो.

आठवडाभरात टीव्हीच्या काचेवर, कपाटावर, अगदी रेहलवरही पिठासारखा बारीक थर दिसू लागला. बाळ रात्री खोकायला लागले. डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी आधी विचारले, “त्या यंत्रात पाणी कोणते भरता?” आमच्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन यंत्र बंद केले. काही दिवसांत खोकला थांबला. तो त्या यंत्रामुळेच होता, असे आम्ही छातीठोकपणे म्हणत नाही. पण त्या एका प्रश्नाने आम्हाला विचार करायला लावले.

मार्चअखेर नवा कूलर घ्यायला आम्ही सीताबर्डीला गेलो. व्हरायटी चौकापासून मेन रोडवर पायी निघालो, चार दुकाने पाहिली. एकाने वाळ्याच्या ताटीचे गुण सांगितले, दुसऱ्याने हनीकोंब पॅडचे, तिसरा म्हणाला, “आता एसीच घ्या.” तेव्हा लक्षात आले की, कूलर असो की बाळाच्या खोलीतले ते छोटे यंत्र, दोन्ही हवेत पाणीच मिसळतात. मग यंत्राची किंमत विचारण्याआधी तीन गोष्टी विचारायला हव्यात. आपली हवा किती कोरडी आहे? ओलावलेली हवा बाहेर कुठून जाणार? आणि पाणी किती स्वच्छ आहे?

माठ करतो तेच कूलर करतो

माठातले पाणी गार का होते, हे आपल्या दादी-नानींना ठाऊक होते. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते माठातूनच घेते, म्हणून आतले पाणी गार होते. अकबर बादशहाच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त वाळ्याच्या भिंतींवर पाणी शिंपडून गार केलेल्या खोल्यांचा उल्लेख आहे. कूलर ही त्याचीच पुढची पायरी. पंप ताटीवर पाणी सोडतो, पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या ताटीतून ओढतो आणि हवा गारही होते, ओलीही होते.

पण हे सारे हवा कोरडी असेल तरच. मे महिन्यात नागपूरची दुपार ४४ अंशांवर असते आणि हवेतला ओलावा, म्हणजे आर्द्रता, १५ टक्क्यांपर्यंत उतरलेली असते. अशा हवेत चांगला कूलर २८-२९ अंशांची झुळूक देऊ शकतो. जुलैत तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर तोच कूलर जेमतेम दोन अंश गारवा देईल. वर अंग चिकट करील, गाद्या ओल्या करील. कूलर बिघडलेला नसतो. हवेलाच आणखी पाणी नको असते. म्हणून पाऊस लागला की पंप बंद करावा आणि फक्त पंखा चालवावा.

खिडकी उघडी हवी

एसीसाठी दारे-खिडक्या लावतात, म्हणून अनेक घरांत कूलरसमोरही लावतात. ही चूक आहे. कूलर सतत नवी ओली हवा आत ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होते. कूलर बाहेरच्या बाजूने खिडकीत बसवावा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे. कूलर खोलीच्या आतच ठेवला तर तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरवतो.

ताटी कोणती?

वुडवूल, म्हणजे लाकडाच्या भुशासारख्या लांब तारा, सर्वांत स्वस्त. पण हंगामाच्या मध्यात ती खाली बसते. वर मोकळी जागा पडते आणि तिथून गरम हवा तशीच आत येते. दर उन्हाळ्यात ती बदलावी लागते. वाळ्याची ताटी महाग, तिचा सुगंध मात्र दुसऱ्या कशात नाही. हनीकोंब पॅड जाड कागदाचे, मधाच्या पोळ्यासारखे असते. ते हवा जास्त चांगली गार करते आणि नीट राखले तर दोन-तीन उन्हाळे टिकते. मात्र बोअरिंगच्या जड पाण्याने त्याची छिद्रे क्षारांनी बुजतात. घरात जड पाणी असेल आणि पॅड धुण्याची सवय नसेल, तर दरवर्षी नवे वुडवूलच बरे.

मोठा कूलर तासाला दहा लिटर किंवा त्याहून जास्त पाणी पितो. टँकरची वाट पाहणाऱ्या मोहल्ल्यात ही लहान गोष्ट नाही. टाकीतले उरलेले पाणी नालीत सोडू नये. फरशी पुसायला आणि अंगणात शिंपडायला ते चालते.

छोटी यंत्रे तीन प्रकारची

थंडीत कूलर चालत नाही, तेव्हा प्रश्न येतो ह्युमिडिफायरचा.

पहिला प्रकार वाफेचा. यात पाणी उकळते आणि वाफ बाहेर येते. उकळल्यामुळे बहुतेक जंतू मरतात, क्षार भांड्यातच राहतात. पण वीज जास्त लागते आणि मोठा धोका भाजण्याचा. रांगणारे मूल असलेल्या घरात हा प्रकार नको.

दुसरा अल्ट्रासॉनिक. आमच्याकडे आला तो हाच. यात एक छोटी चकती सेकंदाला दहा लाखांहून जास्त वेळा थरथरते आणि पाण्याचे अगदी बारीक तुषार उडवते. आवाज नाही, वीजही कमी. पण यात पाण्याची वाफ होत नाही, पाणीच उडते. पाण्यात असतील ते क्षार आणि जंतूही त्याच्यासोबत उडतात. आमच्या टीव्हीवरचा पांढरा थर म्हणजे हे क्षार. असे यंत्र वापरायचेच असेल तर डिस्टिल्ड पाणी घालावे. ते न मिळाल्यास आरओचे घालावे, बोअरिंगचे कधीच नाही.

तिसरा बाष्पीभवनाचा. ओली वात किंवा फिल्टर आणि त्यावर छोटा पंखा, म्हणजे धाकटा कूलरच. यात क्षार फिल्टरमध्ये अडकतात, आणि हवा ओली होत गेली की पाणी उडण्याचा वेगही आपोआप कमी होतो. आवाज थोडा जास्त, फिल्टर मात्र बदलत राहावा लागतो.

यांतले काहीही घेण्याआधी आर्द्रता मोजणारे छोटे मीटर घ्या. काही शे रुपयांत मिळते. काटा ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर कोणत्याही यंत्राची गरज नाही. ६० च्या वर गेला तर भिंतीला बुरशी धरते, आणि ती दम्याच्या माणसाला कोरड्या हवेपेक्षाही वाईट. घरात दमेकरी असेल तर डॉक्टरांना विचारूनच यंत्र लावावे.

पाण्यात पाण्याशिवाय काही नको

टाकीला वास येतो म्हणून कुणी फिनाइल टाकते, कुणी अत्तर. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात टाकायची जंतुनाशके बाजारात सर्रास विकली जात होती. स्वच्छतेची काळजी घेणाऱ्या आयांनीच ती बाळांच्या खोलीत वापरली. ती रसायने तुषारांबरोबर थेट फुप्फुसात गेली. २०११ साली कारण उघड झाले तोवर फार उशीर झाला होता. शेकडो माणसांचा जीव गेला, त्यांत लहान मुले आणि गरोदर स्त्रियाही होत्या. जी वस्तू फरशीवर चालते ती श्वासात चालेलच असे नाही. वास आला तर टाकी रिकामी करून घासा. त्यावर हाच उपाय.

कूलरची टाकीही आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायला हवी. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि सात ते दहा दिवसांत नवा डास उडतो. अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने जगतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा ब्रशने घासाव्या लागतात. हंगाम संपल्यावर टाकी कोरडी करून कूलर झाकून ठेवावा.

आणि सर्वांत आधी, वीज

लोखंडी कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणाचे तरी मूल गेल्याची बातमी येते. २०१८ आणि २०१९ साली रमजान मे महिन्यात आला होता. सहरीच्या घाईत, वुजूच्या ओल्या पायांनी कूलरमध्ये पाणी ओतताना आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे. तेव्हा काही झाले नाही, ही अल्लाहची मेहरबानी. पण मेहरबानीच्या भरवशावर निष्काळजी राहू नये.

पाणी भरण्याआधी बटण बंद करा आणि प्लगही काढा. तीन पिनांचाच प्लग वापरा. घराची अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवून घ्या. कूलरच्या किमतीपुढे त्याची किंमत फार नाही. मुलांना कूलरला हात लावू देऊ नका.

त्या दिवशी बर्डीवरून आम्ही शेवटी साधा कूलर आणला. त्याच्यासोबत एक आर्द्रतेचे मीटर आणि एक लांब दांड्याचा ब्रश. ब्रेकर दुसऱ्याच दिवशी बसला. बाळाचे ते छोटे यंत्र कपाटात आहे. पुढच्या थंडीत मीटरचा काटा ४० च्या खाली गेला तर बाहेर काढू, आणि त्यात पाणी कोणते भरायचे, हे आता घरातल्या लहानग्यांनाही ठाऊक आहे.