भयपटातील स्त्री आणि तिचे कर्ते

चित्रकला, शिल्प, संगीत, नृत्य, छायालेखन अशा निरनिराळ्या कला शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एकाच विषयावर सामाईक काम उभे करावे, ही पद्धत आता पुष्कळ कलाशाळांतून रूढ झाली आहे. अशा कामासाठी ‘भयपटातील स्त्री’ हा विषय निवडला, असे कानावर पडले की कित्येकांच्या कपाळाला आठी पडते. किंचाळणारी नायिका, मोकळे केस, पांढरे वस्त्र, हाती मेणबत्ती. यात अभ्यासण्यासारखे ते काय? आम्हांस मात्र हा विषय त्या मंडळींसाठी फारच योग्य वाटतो. पडद्यावरची भयभीत किंवा भयकारी स्त्री ही सहसा एकट्या नटीची निर्मिती नसते. चेहरा एकीचा, देह दुसरीचा, आवाज तिसरीचा, केस कोणा रंगभूषाकाराचे आणि तिच्या पावलांमागची भीती वादकांची, असा तो सामाईक संसार असतो. तो उलगडायचा तर एकट्यादुकट्याचे काम नव्हे. आणि उलगडू लागले म्हणजे आणखी एक गोष्ट हाती लागते : या संसारातील पुष्कळ बायकांची नावे यादीत नाहीत.

१९३५ सालचा ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ हा अमेरिकन बोलपट घ्या. मृत देहांचे अवयव जोडून घडवलेल्या राक्षसासाठी त्याच रीतीने एक वधू घडवली जाते, अशी कथा. दिग्दर्शक जेम्स व्हेल. ही वधू चित्रपटाच्या अखेरच्या काही मिनिटांतच दिसते आणि एक शब्दही बोलत नाही. तरीही इतक्या वर्षांनंतर तिचे नुसते रेखाचित्र पाहून लोक तिला ओळखतात. हे कसे साधले? मिसर देशाच्या नेफर्टिटी राणीच्या मुकुटाची आठवण व्हावी असे केस उभे करायचे ठरले. रंगभूषाकार जॅक पिअर्स. नटी एल्सा लँचेस्टर हिचेच केस तारेच्या सांगाड्यावरून वर ओढून घेतले आणि दोन्ही बाजूंना विजेसारखा एकेक पांढरा पट्टा दिला. ती राक्षसाकडे पाहून फिसकारते, ते फिसकारणे लँचेस्टरबाईंनी लंडनच्या बागेतील चिडक्या हंसांपासून उचलले होते, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. मानेचे ते पक्ष्यासारखे झटके नृत्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावेत. संगीतकार फ्रान्झ वॅक्समन यांनी वधू उभी राहताच लग्नघंटा वाजवल्या आहेत. वात्रट कल्पना, पण काय नेमकी!

आता नामावली पाहा. वधूच्या भूमिकेपुढे नाव नाही, प्रश्नचिन्ह आहे. उत्सुकता वाढवण्याची ही क्लृप्ती १९३१ च्या पहिल्या चित्रपटात राक्षसाच्या बाबतीतही योजली होती. पण तेथे अखेरच्या यादीत बोरिस कार्लॉफ यांचे नाव आले. वधूचे प्रश्नचिन्ह अखेरपर्यंत प्रश्नचिन्हच राहिले. गंमत अशी की याच चित्रपटाच्या आरंभी लँचेस्टरबाई मूळ कादंबरीच्या लेखिकेची, मेरी शेलीची, भूमिकाही करतात, आणि त्या भूमिकेपुढे मात्र त्यांचे नाव छापलेले आहे. खुद्द मेरी शेलीच्या वाट्याला तरी आरंभी हे कुठे आले होते? १८१६ च्या उन्हाळ्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने ही कथा लिहायला घेतली. १८१८ साली पुस्तक निघाले ते निनावी; प्रस्तावना कवी असलेल्या पतीने लिहिलेली, म्हणून पुष्कळांना पुस्तकही त्याचेच वाटले. इंग्रजी आवृत्तीवर तिचे नाव छापले गेले ते १८२३ मध्ये.

विद्यार्थी कलावंतांनी सर्वांत बारकाईने अभ्यासावे असे उदाहरण आमच्या मते मिलिसेंट पॅट्रिक या चित्रकर्तीचे. लॉस एंजेलिसच्या शुनार्ड कलासंस्थेत शिकून त्या डिस्नेच्या कारखान्यात रंग भरण्याच्या खात्यात लागल्या आणि पुढे हलत्या चित्रांच्या विभागात गेल्या. १९५४ साली युनिव्हर्सल कंपनीचा ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’ हा चित्रपट आला. त्यातील अर्धा मासा, अर्धा माणूस असा जो जलचर आहे, त्याचे रूप कागदावर उतरवले ते या बाईंनी. कंपनीने त्यांना प्रचारदौऱ्यावर पाठवले. राक्षस घडवणारी सुंदरी, अशी जाहिरात करण्याचा बेत होता. रंगभूषा खात्याचे प्रमुख बड वेस्टमोर यांना ते खपले नाही. मग सुंदरी राक्षसाला ‘घडवणारी’ न राहता त्याच्यासह ‘राहणारी’ झाली. जाहिरातीत एकच शब्द बदलला! दौरा संपल्यावर त्यांना त्या खात्यात काम उरले नाही, आणि पडद्यावर नाव लागले ते वेस्टमोर यांचे. २०१९ साली मॅलरी ओमेरा या लेखिकेने त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा कोठे ही हकीकत सामान्य वाचकापर्यंत पोचली.

त्याच चित्रपटातील पोहण्याचे दृश्य प्रसिद्ध आहे. वर नायिका पाण्यावर पाठ टेकून संथ पोहते आहे आणि खाली तो जलचर तिच्या हालचालींशी ताल धरून पोहतो आहे. पाहणारा क्षणभर भीती विसरतो. नायिका ज्यूली ॲडम्स; पण फ्लॉरिडातील वाकुला झऱ्याच्या पाण्यात पोहणारी बाई जिंजर स्टॅन्ली. तिचेही नाव नाही. जलचराच्या पोशाखात पाण्यात आणि जमिनीवर वावरलेल्या दोन पुरुषांचीही नावे नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

हिचकॉक यांच्या १९६० च्या ‘सायको’विषयी इतके लिहिले गेले आहे की आम्ही थोडक्यात आवरते घेतो. स्नानगृहातील खुनाचे ते दृश्य पडद्यावर मिनिटभराच्या आसपासचे, पण त्याला सात दिवस लागले. चेहरा जॅनेट ली यांचा, देह पुष्कळ ठिकाणी मार्ली रेन्फ्रो या बदली मुलीचा. रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक आणि सुऱ्याचा आवाज खरबुजात खुपसलेल्या सुरीचा. हिचकॉक यांना तेथे संगीत नकोच होते. बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तंतुवाद्यांवर बसवलेली ती कर्कश चाल ऐकल्यावर त्यांनी मत बदलले. संगीताच्या विद्यार्थ्याने हे दृश्य एकदा आवाज बंद करून पाहावे.

आणि आता आपल्या घरचे उदाहरण. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ झळकला. दिग्दर्शक कमाल अमरोही. छायालेखक जोसेफ वीर्शिंग हे जर्मन गृहस्थ. कामिनी झाली होती सोळा वर्षांची मधुबाला. ओसाड वाड्यात झोपाळ्यावर दिसणारी आणि नाहीशी होणारी ही कामिनी भूत नसून माळ्याची जिवंत मुलगी आहे, हे पुढे कळते. पण तोवर तिचे भूतपण ज्याने टिकवून धरले तो म्हणजे ‘आयेगा आनेवाला’ या गाण्याचा आवाज. खेमचंद प्रकाश यांना तो दुरून जवळ येत आहे असे भासवायचे होते. तेव्हा यंत्रांची आजची सोय नव्हती. विशीतली गायिका खोलीच्या कोपऱ्यातून गात गात, पावले मोजत ध्वनिक्षेपकापाशी आली. गाणे घरोघर पोचले, परंतु ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’! म्हणजे जी पात्राच्या जगातही खरी भूत नव्हती, तिला गळ्याचे श्रेय. आणि गाणारी अदृश्य. नभोवाणीकडे श्रोत्यांनी विचारणा केली, मुद्रिकेच्या कंपनीकडून नाव मागवले गेले आणि मग लता मंगेशकर हे नाव लोकांनी ऐकले.

विद्यार्थ्यांच्या सामाईक कामातही हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. मुखवटा एकीने रेखाटला, दुसऱ्याने ओतला, तिसरीने घालून नाच केला. प्रदर्शनाच्या फलकावर कोणाचे नाव? गटाचे एकच नाव लावणे सोयीचे खरे. तथापि आमच्या मते काम वाटून घेतानाच नावे लिहून काढावीत. नंतर आठवण आपल्या सोयीची होते.

लताबाईंनी तर पुढे हे प्रकरण धसासच लावले. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाला स्थान नाही, म्हणून १९५७ च्या समारंभात गाण्यास त्यांनी नकार दिला. १९५९ मध्ये ते पारितोषिक प्रथम ठेवले गेले आणि मिळाले त्यांनाच, ‘आजा रे परदेसी’ या गाण्यासाठी. तो चित्रपट ‘मधुमती’, दिग्दर्शक बिमल रॉय, ज्यांनी ‘महल’चे संकलन केले होते, आणि त्यातली नायिकाही पुन्हा एकदा भूत होऊन येणारीच.