साथ घाट चढते तेव्हा

माळशेज घाट चढून कल्याण-नगर रस्ता जुन्नर तालुक्यात येतो, त्या वाटेवर मढ लागते. गाव डोंगराआडचे, तेव्हा मुंबईची साथ इथे उशिराच पोचणार, असे वाटणे साहजिक आहे. मला ते पटत नाही. साथीच्या हिशेबात मैलांपेक्षा माणसांच्या येण्याजाण्याला जास्त किंमत असते. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे मुंबईत डबे पोचवतात, भाजीच्या धंद्यात असतात आणि गावच्या जत्रेला हमखास येतात. अशा घराला मुंबई म्हणजे जणू पलीकडची आळी. डोंगरापल्याडचे खेडेच परके.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तो मुंबईच्या मांडवी भागात, धान्याच्या वखारींच्या शेजारी. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोकांनी शहर सोडले आणि साथ पुण्यासह देशावर आली. प्लेग तर उंदरांचा, माणसांच्या प्रवासाशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी 1898 मध्ये कराचीत पिसवेचा धागा पकडला. मेलेल्या उंदराचे अंग गार पडले की पिसवा त्याला सोडतात. जंतूंनी पिसवेचा घसा तुंबतो, रक्त पोटात उतरत नाही. भुकेने वखवखलेली ती पुन्हा पुन्हा चावते आणि दर चाव्याला जंतू जखमेत ओकते. पण ती गावोगाव फिरते ती धान्याच्या पोत्यातून, कपड्यांच्या बोचक्यातून. आणि पोती-बोचकी वाहतो माणूसच.

मग रस्तेच का अडवू नयेत? फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोगांचा कायदा झाला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या सोजिरांनी घरझडत्या घेतल्या. लोक आजारी माणसे लपवू लागले, 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि प्लेग त्यानंतरही वर्षानुवर्षे परतत राहिला. तोच कायदा मार्च 2020 मध्ये पुन्हा बाहेर निघाला. गावोगाव काटेकुटे टाकून वेशी बंद झाल्या. अडवण्याने वेळ मिळतो, हे मान्य. तेवढ्यात दवाखाना सज्ज झाला तर त्या वेळेचे मोल मोठे. पण 2021 ची लाट खेड्यांत पोचलीच. धाकाने लपवलेला रोगी तर घरातल्या साऱ्यांना रोग देतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

आज मला करोनापेक्षा गोवराची काळजी जास्त वाटते. 2022 च्या अखेरीस तो गोवंडी, भिवंडी, मालेगावात उसळला. संरक्षण नसलेल्या वस्तीत गोवराचा एक रोगी 12 ते 18 जणांना रोग देऊ शकतो. तो खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो. म्हणून शंभरातल्या 95 जणांना तरी संरक्षण हवे. इथे सरासरी फसवते. तालुक्याचा आकडा 95 असेलही, पण लस चुकलेली मुले एकाच वाडीत असली तर त्या वाडीला आकड्याचा काय उपयोग? पश्चिम पट्ट्यातली आदिवासी कुटुंबे मजुरीला नारायणगावच्या बाजूला उतरतात. पहिला डोस नऊ महिन्यांना गावी मिळतो. 16 ते 24 महिन्यांच्या दुसऱ्याची वेळ येते तेव्हा आई टोमॅटोच्या मळ्यात असू शकते. गावच्या आशाताईंच्या वहीत नाव आहे पण मूल नाही, मळ्यावर मूल आहे पण नाव नाही. लसीकरणाचे सत्र हंगामात मजूर जमतात त्या नाक्यावर, भल्या सकाळी भरवले तर हीच येण्याजाण्याची वाट लसीच्याही कामी येईल.