तरावीहनंतरचा सवाल : कोच कोण?

रमजानची रात्र पोरांची असते. तरावीहची नमाज संपते साडेनऊच्या आसपास, सहरीला उठायचे पहाटे. मधल्या वेळेत झोपून घ्या असे घरोघरच्या अम्मी सांगतात आणि घरोघरची पोरे ऐकत नाहीत. जुन्या जालन्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर तेव्हा खरी गर्दी होते. जालना हे क्रिकेटचे गाव, हे कबूल. पण गेल्या काही वर्षांत मोबाइलवर इंग्लंडचे सामने पाहणारी एक पिढी तयार झाली आहे. रोलिंग मिलमध्ये पाळी करणारे, कॉलेजात जाणारे, बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहिणारे. त्यात मोहल्ल्यातले आहेत तसे कुंडलिकेच्या पलीकडून मित्रांसोबत फक्त चहाला आणि वादाला येणारेही आहेत. वादाचा विषय बहुतेक वेळा एकच : याला काढा, त्याला आणा.

इंग्लंडमध्ये क्लबच्या प्रशिक्षकाला मॅनेजर म्हणतात. संघ निवडणे, डावपेच ठरवणे, कोणता खेळाडू विकत घ्यायचा यात मत देणे, आणि हरल्यावर पत्रकारांसमोर बसणे, सगळे त्याच्याच गळ्यात. रोजे धरणाऱ्या खेळाडूला कधी खेळवायचे, कधी बसवायचे, हेही आता त्यालाच पाहावे लागते. एप्रिल 2021 मध्ये लेस्टर आणि क्रिस्टल पॅलेस यांच्या सामन्यात सूर्यास्त झाला तेव्हा पॅलेसच्या गोलरक्षकाने गोल किक थोडी थांबवली आणि लेस्टरच्या वेस्ली फोफानाने रोजा सोडला. आमच्याकडच्या मुलांना हा प्रसंग तारखेसकट पाठ आहे.

मँचेस्टर युनायटेडच्या भक्तांना मात्र दुसरी एक तारीख आठवत नाही, आणि ती मी मुद्दाम काढतो. अॅलेक्स फर्ग्युसन 1986 मध्ये त्या क्लबवर आले. 1989 च्या डिसेंबरमध्ये त्यांच्याच मैदानात, त्यांच्याच चाहत्यांनी, आता जा असे सांगणारा फलक फडकावला होता. लीगचे पहिले विजेतेपद आले 1993 मध्ये, म्हणजे सातव्या हंगामात. फर्ग्युसन निवृत्त झाले 2013 ला. त्या फलकाचे ऐकले असते तर आज जालन्यात युनायटेडचा लाल शर्ट कोणी घातला असता की नाही, शंका आहे.

पण यंदाच्या रमजानमध्ये टपरीवरचा वाद इंग्लंडपेक्षा घरचा जास्त आहे. तो आहे भारताच्या संघाचा, आणि त्यातले नाव आहे खालिद जमील.

गेल्या वर्षी जुलैत स्पेनचे मानोलो मार्केझ भारताच्या प्रशिक्षकपदावरून गेले. ते एकाच वेळी एफसी गोवा आणि देश असे दोन संघ सांभाळत होते, हे आधीच विचित्र होते. जागा रिकामी झाली, आणि फुटबॉल महासंघाकडे दीडशेहून जास्त अर्ज आले. त्यात बार्सिलोनाच्या झावीचे नाव निघाले तेव्हा देशभर दोन दिवस जल्लोष झाला. मग महासंघानेच सांगितले, झावीच्या आणि पेप ग्वार्डिओलाच्या नावाने आलेले ईमेल खोटे होते! शेवटच्या यादीत तीन नावे उरली. भारताला 2019 च्या आशिया कपपर्यंत नेणारे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे माजी प्रशिक्षक स्टेफान टार्कोविच, आणि खालिद जमील. 1 ऑगस्टला जमील यांची निवड झाली. त्यांच्याआधी हे काम पाहणारे शेवटचे भारतीय होते गोव्याचे सावियो मेदेरा, तेही 2012 मध्ये. मधली तेरा वर्षे परदेशी माणसांची.

जमील यांचा जन्म कुवेतचा, पण फुटबॉलची हयात मुंबईत गेली. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी. 2009 पासून सात वर्षे ते मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. त्या क्लबकडे ना मोठा पैसा, ना मोठी नावे. दरवर्षी आय-लीगच्या खालच्या टोकाला लटकायचे आणि दरवर्षी जमील त्याला वाचवायचे. प्रेक्षकांना हा खेळ रटाळ वाटे. बचाव, बचाव आणि पुन्हा बचाव. 2016 मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला.

पुढचा हंगाम भारतीय फुटबॉलमधला सर्वांत नवलाचा ठरला. जमील मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आधीच्या वर्षी खालच्या श्रेणीत गेला होता, नशिबाने पुन्हा आत घेतला गेला होता. 30 एप्रिल 2017 ला शिलाँगमध्ये लाजाँगशी 1-1 बरोबरी साधून त्याने आय-लीग जिंकली. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. ईशान्येकडच्या संघाने देशाची लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ. बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या मिझोरामने मुंबईच्या मुसलमान प्रशिक्षकाला डोक्यावर घेतले. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडली. कूपरेजवर जाऊन ‘कोच बदला’ म्हणणाऱ्यांना काय वाटले असेल?

आयझॉलनंतर ईस्ट बंगालने त्यांना एक हंगाम दिला. मोहन बागानने त्याहून कमी. नॉर्थईस्ट युनायटेडकडे ते हंगामाच्या मध्यात तात्पुरते म्हणून उभे राहिले आणि संघाला उपांत्य फेरीत नेले. जमशेदपूरलाही 2025 मध्ये आयएसएलची उपांत्य फेरी आणि सुपर कपची अंतिम फेरी दाखवली.

भारताबरोबरची सुरुवात छान झाली. सप्टेंबरमध्ये मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा क्रमांक. टपरीवर पेढे वाटले गेले, मीही खाल्ला. मग 14 ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून 1-2 हार झाली आणि 2027 च्या आशिया कपचे दार बंद झाले. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशनेही 1-0 ने हरवले. तेव्हापासून मंडळी दोन तटांत वाटली गेली.

‘‘सर, क्लब सांभालना अलग, मुल्क सांभालना अलग. कोई गोरा लाओ,’’ असे डिप्लोमाला असलेला एक मुलगा म्हणतो. मोंढ्यात काम करणारा त्याचा मित्र मराठीत उसळतो, ‘‘अरे, गोरे तेरा वर्षं होते की! त्यांनी कुठला कप आणला? मागच्या आशिया कपात तीन मॅच, तीन हार, एक गोल नाही.’’ पहिला म्हणतो, खेळ बघवत नाही. दुसरा म्हणतो, जमील आले तेव्हा पात्रतेचे दोन सामने आधीच होऊन गेले होते आणि हाती एकच गुण होता. हा मुद्दा मला पटतो. शिवाय आयएसएलचा हंगामच गेल्या वर्षी वेळेवर सुरू झाला नाही. खेळाडू महिनोन्‌महिने सामन्याविना, आणि जाब विचारायचा कोचला.

‘अपना आदमी’ हा शब्द या वादात फार येतो. काहींना त्यात धर्म दिसतो, बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे. मला त्यात तथ्य वाटत नाही. टपरीवर हा शब्द वापरणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज त्या मोंढ्यातल्या मुलाचाच असतो.

अशा वेळी मी त्यांना सय्यद अब्दुल रहीम यांची गोष्ट सांगतो. अजय देवगणचा ‘मैदान’ 2024 च्या ईदला आला होता, त्यामुळे नाव ठाऊक असते. हे ठाऊक नसते की रहीमसाहेब हैदराबादचे शाळामास्तर होते, आणि त्या काळी आपले जालनाही हैदराबाद राज्यातच होते, 1956 पर्यंत. म्हणजे त्या अर्थानेही ते आपलेच. 1950 पासून 1963 पर्यंत भारताचा संघ त्यांच्याकडे होता. 1951 च्या आशियाई खेळांत सुवर्ण. 1956 ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, ज्यात मुंबईकडून खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले. 1962 ला जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून पुन्हा सुवर्ण, तेव्हा ते कर्करोगाने आजारी होते. पुढच्या जूनमध्ये गेले.

या यादीत मी एक ओळ शेवटी ठेवतो. 1952, हेलसिंकी ऑलिंपिक. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी, आणि युगोस्लाव्हियाकडून हार 10-1. कोच रहीमच. त्यांना काढले नाही. त्यांनी पोरांना बूट घालून खेळायला लावले.

परवा हे सांगून झाल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग डिप्लोमावाला म्हणाला, ‘‘सर, आज होते ना, तो हेलसिंकी के एअरपोर्टसेच निकाल देते.’’ त्यावर हशा पिकला. चहावाल्या चाचांनी सहरीला उठायची आठवण करून दिली. वाद अर्धाच राहिला, मडगावच्या त्या सामन्यात दुसरा गोल नेमका कोणामुळे झाला यावर.