तळ्याची पाळ कोणी बघायची?

लोणारचं विवर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. त्या सरोवराला फुटायला पाळच नाही. बेसाल्टच्या कातळात उल्केने पाडलेला तो सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा आहे आणि पाणी त्याच्या पोटात आहे. आमच्या सुलतानपूरच्या आसपासच्या, लोणार-मेहकर भागातल्या गावतळ्यांचं आणि पाझर तलावांचं तसं नाही. तिथे पाणी शेतांच्या आणि कधी घरांच्याही वरच्या अंगाला उभं असतं, आणि ते धरून ठेवते फक्त माती.

माझी उमेदीची वर्षं अशा मातीच्या कामांवर गेली. म्हणून पोळ्याला बैल धुताना, गणपती बोळवताना किंवा सांडवा वाहू लागला की बघायला म्हणून सगळा गाव पाळीवर जमतो, तेव्हा माझी नजर पाण्यापेक्षा पाळीच्या पायथ्याकडे जाते. तळं लहान म्हणून कोणाला भीती वाटत नाही. पण एक लाख घनमीटर साठा म्हणजे एक लाख टन पाणी. ते एकदम सुटलं, तर नाल्याकाठचं शिवार खरवडून नेईल.

महाराष्ट्रातले असे अनेक तलाव १९७२ च्या दुष्काळी कामांत आणि पुढे रोजगार हमीवर झाले. आता ते म्हातारे झालेत. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी लांबी, साठा वगैरे अटींत बसणाऱ्यांना. गावतळं बहुतेक वेळा त्याच्या बाहेरच राहतं. मग त्याची पाळ बघायची कोणी? माझ्या मते, गावानेच. आणि ते काही अवघड नाही.

आधी पाळीचं पोट समजून घ्या. मधोमध चिकण काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याकडे दगडी पिचिंग आणि खालच्या पायथ्याला दगडांचा थर, म्हणजे रॉक टो. मातीची पाळ थोडी पाझरतेच. रॉक टोमधून नितळ पाणी झिरपत असेल तर घाबरण्याचं कारण नाही. धोका पाण्याबरोबर माती निघू लागली की सुरू होतो. कण निघाला की मागे पोकळी राहते, पोकळीतून पाणी अधिक जोरात येतं, आणखी माती ओढतं. ही नळी आत वाढत तळ्यातल्या पाण्याला भिडली की भराव तासाभरातही जाऊ शकतो.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. पायथ्याशी येणारं पाणी स्वच्छ, पारदर्शक बाटलीत भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी माती बसलेली दिसली तर त्याच दिवशी तहसीलला आणि तलाव ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाला कळवा. आठवडाभराने पुन्हा बाटली भरा. झिरप वाढली का, गढूळ झाली का, हे तुलनेतूनच कळतं. उन्हाळ्यात पाळीच्या खालच्या अंगाला एकाच जागी हिरवंगार गवत किंवा पाणकणीस माजलं असेल, तर तिथेही पाणी वाट काढतंय.

मोरीच्या, म्हणजे तळ्यातलं पाणी सोडायच्या वाटेच्या, जागेवर विशेष लक्ष द्या. भरावातून बांधकाम आरपार गेलेलं असतं, तिथे माती नीट धुमसली गेली नाही तर पाण्याला आयती वाट मिळते. १२ जुलै १९६१ ला पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं. तिथेही मोरीवरचा भराव खचत गेला होता. पाळीच्या माथ्यावर खळगा पडला तर वर टोपलंभर मुरूम टाकून तो झाकू नका. खाली काहीतरी पोकळ झालंय. बाभळी रोपं असतानाच उपटा, कारण मोठी झाडं वाळली की कुजलेल्या मुळांच्या जागी भोकं राहतात. घुशींची आणि साळिंदरांची बिळंही नोंदवा.

सांडव्याबाबत मात्र मी कठोर आहे. मासे निसटू नयेत म्हणून तिथे जाळी लावतात, चार दिवस जास्तीचं पाणी मिळावं म्हणून वाळूची पोती रचतात. जाळीत काडीकचरा अडकतो, पाणी चढतं आणि माथ्यावरून जातं. दगडी बंधारा हे सोसेल, मातीची पाळ सोसत नाही. १९७९ मध्ये गुजरातेत मच्छू-२ धरणाच्या मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं आणि मोरबीवर लोंढा कोसळला.

आमच्या जिल्ह्यासाठी आणखी एक गोष्ट. तळ्यांतली माती महामार्गाच्या भरावाला द्यायची आणि साठा वाढवायचा, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशभर गाजला. गाळ काढणं चांगलंच. पण पाळीलगतचा गाळ आतल्या अंगाला अस्तराचं काम करतो. पोकलेन पाळीच्या पायथ्यापर्यंत नेला की ते अस्तर जातं, मुरूम उघडा पडतो आणि पायाखालून झिरप वाढते. किती अंतर सोडायचं हे अभियंत्याने खुंट्या ठोकून दाखवल्याशिवाय यंत्र उतरू देऊ नका.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं दगावली. ते काही जुनंपुराणं धरण नव्हतं, आणि गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. लोकांनी पाहिलं होतं, सांगितलंही होतं. म्हणून नुसतं बघणं पुरत नाही. मे महिन्यात ग्रामपंचायतीने पाळीवर फेरी काढावी, फोटोसकट नोंद ठेवावी, अर्जाची पोच घ्यावी आणि पावसाआधी लेखी उत्तर मागावं. मोरी उघडते का, तिची चावी कोणाकडे आहे, हेही त्याच फेरीत पाहावं. गढूळ पाणी येत असेल आणि दुरुस्ती झाली नसेल, तर अभियंत्याला बोलावून मोरीतून पातळी उतरवून घ्या. एका हंगामाचं पाणी कमी पडेल, ते सोसता येतं. पाळीखालची माणसं गेली तर त्याची भरपाई कुठल्याच पावसाळ्यात होत नाही.